‘मी एक्सायटेड आहे’ हे स्पॅनिशमधे म्हणायचं कसं, आणि कसं अजिबात म्हणायचं नाही

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या प्रोजेक्टला मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरातली एक टीम जोडली गेली, पहिलाच व्हिडिओ कॉल, आमचे रात्रीचे साडेआठ म्हणजे त्यांचे सकाळचे नऊ. मी तेव्हा मोबाइलवरच्या एका अ‍ॅपवर आठ महिने स्पॅनिश गिरवत होते, अर्थातच इंग्लिशमधून, कारण मराठीतून शिकवणारं मला काही धड सापडलं नव्हतं. म्हणलं चला, इम्प्रेशन मारू. कॅमेरा चालू केला, छान हसले आणि मोठ्या कॉन्फिडन्सने म्हणाले, "एस्तोय मुय एक्सितादा दे त्राबाहार कोन उस्तेदेस." डोक्यात वाक्य होतं की तुमच्यासोबत काम करायला मी फार एक्सायटेड आहे. स्क्रीनवर सहा चौकोन. एकाने पटकन माइक म्यूट केला, एकाची मान खाली गेली, एकीने कॉफीचा मग तोंडासमोर धरला तो धरूनच ठेवला. मग त्यांच्यातल्या वयाने मोठ्या बाई अगदी मायेने म्हणाल्या, "एमोसिओनादा, केरिदा. एमोसिओनादा." केरिदा म्हणजे बाळा, गं, असं काहीतरी.

कॉल संपल्यावर शोधलं आणि कान गरम झाले. ‘एक्सितादो’, बाईने म्हणायचं तर ‘एक्सितादा’, याचा रोजच्या बोलण्यातला पहिला अर्थ कामवासना चाळवलेली अवस्था. म्हणजे मी नवीन कलीग लोकांना, ज्यात दोघं माझ्या वडिलांच्या वयाचे, काय सांगितलं होतं ते तुम्हीच समजून घ्या.

आता गंमत बघा. हे इंग्लिशवाल्याला समजावून सांगायला पानभर लिहावं लागतं, मराठी माणसाला एका शब्दात कळतं. ‘उत्तेजित’. डिक्शनरीत एक्सायटेडला उत्तेजित असा शब्द दिलेला असतो आणि तो चूकही नाही, पण उद्या तुम्ही होणाऱ्या सासूबाईंना "लग्नासाठी मी खूप उत्तेजित आहे" असं सांगून बघा. शब्द शिवी नाहीये, पेपरात ‘जमाव उत्तेजित झाला’ छापून येतं, फिजिक्सच्या पुस्तकात अणू उत्तेजित अवस्थेत असतो, पण माणसाने स्वतःबद्दल म्हणलं की सगळे एकमेकांकडे बघतात. ‘एक्सितादो’चं शंभर टक्के हेच आहे. स्पॅनिश फिजिक्समधे अणूची ‘एस्तादो एक्सितादो’ असते, डॉक्टर चहाकॉफीसारख्या गोष्टींना ‘एक्सितान्तेस’ म्हणतात आणि झोप येत नसेल तर त्या टाळा म्हणतात, दंगा करून करून झोपायलाच तयार नसलेल्या पोराबद्दल आई म्हणते की हा फार ‘एक्सितादो’ झालाय. तिथे कुणाला काही वाटत नाही. ‘मी’ लावलं की पंचाईत.

इंग्लिश आणि स्पॅनिश दोघांनी शब्द एकाच ठिकाणाहून उचललाय, लॅटिनच्या ‘एक्सितारे’वरून, ज्याचा अर्थ जागं करणे, चेतवणे, हलवून सोडणे. पुढे इंग्लिशमधे तो शब्द घसरत घसरत ‘वाट बघतोय, मजा येणारे’ इथपर्यंत आला, स्पॅनिशमधला चेतवण्याच्याच जवळ राहिला. असे शब्द जे दिसायला सारखे आणि अर्थाला भलते त्यांना स्पॅनिशमधे ‘फाल्सोस आमीगोस’ म्हणतात, खोटे मित्र. आपल्याला हे काही नवीन नाही, हिंदीतली ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण आणि आपली शिक्षा म्हणजे अंगठे धरून उभं राहणं. इंग्लिशवाल्यांची या बाबतीत आणखी एक फजिती जगजाहीर आहे, ‘एम्बारासादा’ म्हणजे लाजलेली असेल असं धरून चालतात आणि तो शब्द निघतो गरोदर. झालेल्या फजितीबद्दल सारवासारव करायला जावं आणि बारशाचीच तारीख सांगून यावं, तशातली गत.

बरं, मग ‘एक्सितादा’ खोडायचं आणि त्याजागी ‘एमोसिओनादा’ लिहायचं, झालं काम? मलाही सुरुवातीला असंच वाटलं होतं आणि वर्षभर मी जिथेतिथे ‘एमोसिओनादा’च ठोकत होते. चालतं, अडत नाही. पण ऐकणाऱ्याला ते पुस्तकी वाटतं, आणि याचं कारण शब्दात नाही, इंग्लिशच्या सवयीत आहे. इंग्लिशमधला एक्सायटेड हा एकटा शब्द चारपाच वेगळ्या भावनांची कामं करतो. शुक्रवारी गोव्याला जायचंय, एक्सायटेड. भाचीचा डान्स आहे, एक्सायटेड. उद्या निकाल आहे, पोटात गोळा आलाय, तरी एक्सायटेड. कंपनीने नवीन प्रॉडक्ट काढलंय ज्याचं कुणालाच काही पडलेलं नाही, तरी ईमेलमधे एक्सायटेड. स्पॅनिश माणूस या प्रत्येक ठिकाणी वेगळं वाक्य वापरतो. आणि खरं सांगायचं तर आपली आजीही वेगळंच वापरायची. तिने कधी एक्सायटेड म्हणलं नाही, ती म्हणायची "कधी एकदा येताय असं झालंय", "केवढं अप्रूप वाटलं बाई", "छातीत नुसतं धडधडतंय". म्हणून माझं म्हणणं असं की इंग्लिशमधून स्पॅनिश शिकताना या एका बाबतीत मधला इंग्लिशचा थांबा गाळावा आणि आजीला विचारावं.

पहिलं आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडणारं, ‘गानास’. ‘तेंगो गानास दे...’ म्हणजे मला अमुक करायची इच्छा आहे, मूड आहे. नुसतं गानास असेल तर साधी इच्छा, आइस्क्रीम खावंसं वाटतंय, झोपावंसं वाटतंय, उलटी आल्यासारखं वाटतंय यालासुद्धा गानासच लागतो, त्यात रोमँटिक काही नाही. पण ‘मुचास’ जोडलं, ‘तेंगो मुचास गानास दे बेर्ते’, की अर्थ होतो तुला भेटायची फार ओढ लागलीय. आणि आणखी जोर हवा तर ‘मे मुएरो दे गानास’, इच्छेने मरतेय, आपण म्हणतो ना जीव नुसता वरखाली होतोय. कुणी ट्रिपचा प्लॅन सांगितला तर फक्त ‘के गानास!’ एवढंच म्हणलं तरी पूर्ण उत्तर होतं.

इथे एक खड्डा आहे तो दाखवून ठेवते. ‘तेंगो गानास दे बेर्ते’ म्हणजे तुला भेटायचंय, हे आईलाही म्हणता येतं. पण मधलं ‘बेर’ हे क्रियापद गाळून ‘ते तेंगो गानास’ म्हणलंत तर त्याचे दोनच अर्थ, एकतर तू मला हवा आहेस, त्या अर्थाने, किंवा तुला एकदा धरून बडवायचाय. दोन्हीपैकी कोणता ते बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ओळखायचं. एवढ्याशा क्रियापदाने केवढा फरक पडतो.

‘नो बेओ ला ओरा दे...’ हे मला मनापासून आवडतं. शब्दशः ‘ती वेळ मला दिसत नाहीये’. म्हणजे ती घटका एवढी लांब वाटतेय की नजरेच्या टप्प्यातच येत नाही. ‘नो बेओ ला ओरा दे सालिर दे बाकासिओनेस’, कधी एकदा सुट्टीवर निघतेय असं झालंय. इंग्लिशवाले इथे आपल्या ‘लुकिंग फॉरवर्ड’चं शब्दाला शब्द करून ‘पुढे बघतोय’ असं म्हणायला जातात आणि समोरचा खरंच पुढे काय आहे ते बघायला लागतो. मेक्सिकोत माझे कलीग याहून सोपं बोलतात, ‘या किएरो के सेआ बिएर्नेस’, मला आत्ताच शुक्रवार व्हायला हवाय. दर सोमवारी हे वाक्य चॅटवर पडतंच.

आता ‘इलुसिओन’. हा शब्द मला समजायला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि आता तोच सगळ्यात लाडका आहे. इंग्लिश येणाऱ्याला वाटतं इल्युजन म्हणजे भ्रम, मृगजळ, जादूगाराची टोपी. तोही अर्थ स्पॅनिशमधे आहेच, लॅटिनमधे मूळ शब्दाचा अर्थ थट्टा, फसवणूक असाच होता. पण स्पॅनिशमधे त्याला दुसराच एक कोंब फुटला, एखाद्या गोष्टीची आस लागणं आणि त्या आशेतच मिळणारा आनंद. हा चांगला अर्थ 19 व्या शतकात रोमँटिक कवीलेखकांच्या काळात रुजला. हुलियान मारियास नावाचे स्पेनचे तत्त्वज्ञ होते, त्यांना या एका शब्दाने एवढं पछाडलं की 1984 मधे त्यांनी फक्त ‘इलुसिओन’वर एक छोटंसं पुस्तक लिहिलं.

वापरतात असं, ‘मे आसे मुचा इलुसिओन’, स्पेनमधे उच्चार ‘मे आथे’. शब्दशः, ही गोष्ट माझ्यात इलुसिओन निर्माण करते. मराठीत याला एक शब्द मिळत नाही पण जवळपास फिरणारे दोनतीन आहेत, हौस, अप्रूप, कौतुक. बाबांनी पहिल्यांदा विमानात बसायचं ठरवलं आणि आठ दिवस आधीपासून बॅग भरून ठेवली, ती इलुसिओन. भाचीने शाळेत कागदाचं वेडंवाकडं कार्ड बनवून आणलं आणि ते तुम्ही फ्रिजवर लावलंत, तर ‘मे इसो मुचा इलुसिओन’, फार बरं वाटलं, अप्रूप वाटलं. म्हणजे पुढच्या गोष्टीलाही चालतं आणि मिळालेल्या गोष्टीलाही.

स्पेनमधे हा शब्द कानावर धो धो पडतो तो डिसेंबर-जानेवारीत. 22 डिसेंबरला त्यांची नाताळची लॉटरी असते, 1812 पासून चालत आलेली, माद्रिदच्या तेआत्रो रेआल या ऑपेराघरात सोडत होते आणि सान इल्देफोन्सो शाळेची मुलं आकडे आणि बक्षिसं चक्क गाऊन दाखवतात, सकाळभर, एका विशिष्ट चालीत, घराघरात टीव्हीवर तेच चालू. आख्खं तिकीट महाग म्हणून लोक दहावा हिस्सा घेतात, 20 युरोचा, आणि तोही ऑफिसात, सोसायटीत, बारमधे एकमेकांत वाटून. पहिलं बक्षीस म्हणजे ‘एल गोर्दो’, जाडोबा, त्या एका दहाव्या हिश्श्याला 4 लाख युरो. लागलं की तिकीट विकणाऱ्या दुकानासमोर लोक बाटल्या फोडतात, मिठ्या मारतात, टीव्हीवाली बाई माइक पुढे करते आणि आजीबाई डोळे पुसत म्हणतात "के इलुसिओन, के इलुसिओन". मग 5 जानेवारीच्या रात्री बायबलमधले, बाळ येशूला भेटी घेऊन आलेले तीन राजे येतात, ‘रेयेस मागोस’, स्पेनमधल्या मुलांना भेटवस्तू मुख्यतः तेच आणतात, संध्याकाळी गावातून मिरवणूक निघते, वरून गोळ्याचॉकलेटांचा पाऊस, घरी जाऊन मुलं बूट बाहेर काढून ठेवतात आणि राजांच्या उंटांसाठी पाणीसुद्धा ठेवतात. त्या रात्री अंथरुणात डोळे टक्क उघडे ठेवून पडलेल्या पोराला जे होतंय ना, तीच इलुसिओन. त्या पोराला एक्सितादो म्हणलंत तर त्याची आई म्हणेल, हो, फार दंगा केलाय, झोपत नाहीये, आणि ते वेगळं.

याची दुसरी बाजू पण लगेच सांगते, नाहीतर गोंधळ होतो. ‘मे आसे इलुसिओन’ चांगलं, पण ‘आसेर्से इलुसिओनेस’, म्हणजे स्वतःच स्वतःसाठी इलुसिओन करणं, हे मनातले मांडे. ‘नो ते आगास इलुसिओनेस’ म्हणजे उगीच आशा लावून बसू नकोस. आणि ‘इलुसो’ म्हणजे भाबडा, कुणी काही सांगितलं की विश्वास ठेवणारा. एकाच मुळातून हौस पण आणि फजिती पण. शिवाय हा सगळा इलुसिओनचा थाट मुख्यतः स्पेनचा. लॅटिन अमेरिकेत समजतं सगळ्यांना, पण मी एकदा ग्वादालाहाराच्या टीमसमोर वापरलं तर लगेच एकजण म्हणाला की माद्रिदवरून बोलताय काय बाई. त्यांच्याकडे ‘एस्तोय एमोसिओनादा’ हेच रोजचं.

त्या ‘एमोसिओनादो’बद्दल एक बारकावा. त्याचा गाभा एक्साइटमेंट नाही, भावनेने भरून येणं आहे. मुलीच्या लग्नात बाप ‘एमोसिओनादो’ असतो म्हणजे डोळ्यात पाणी आहे, घसा दाटलाय. ‘मे एमोसिओने’ म्हणलं की बहुतेक वेळा मला रडू आलं असाच अर्थ. पण ‘एस्तोय एमोसिओनादा कोन एल बियाहे’, ट्रिपबद्दल, म्हणलं की मग आनंदाची हुरहूर. संदर्भावरून कळतं, फार डोकं लावायचं नाही. नवीन काम, नवीन प्रोजेक्ट, कुणाची आयडिया आवडली यासाठी ‘एन्तुसिआस्मादा’ चांगला, ऑफिसला शोभणारा शब्द, मी पहिल्या कॉलवर हा वापरला असता तर हा लेख लिहायची वेळच आली नसती.

आणि भीती मिसळलेली एक्साइटमेंट? मुलाखत, निकाल, स्टेजवर जायच्या आधीची दोन मिनिटं. तिथे ‘के नेर्बिओस!’ म्हणजे काय ते टेन्शन, पण हे हसत हसत म्हणतात, यात मजा धरलेली आहे. ‘आन्सिओसा’ जरा जपून वापरा, काही ठिकाणी आतुर असा अर्थ घेतात आणि काही ठिकाणी खरंच अँग्झायटीचा.

आता ग्रामर, घाबरू नका, कारण इथे मराठी माणसाची लॉटरी आहे. इंग्लिशवाल्याला आयुष्यभर सवय की वाक्याची सुरुवात ‘आय’ने, मी असा, मी तसा. स्पॅनिशमधे भावना बऱ्याचदा माणसाला होतात, माणूस भावना नसतो. ‘मे गुस्ता’ म्हणजे मला आवडतं. ‘मे आसे इलुसिओन’, मला अप्रूप वाटतं. ‘मे एमोसिओना’, मला भरून येतं. ते सुरुवातीचं ‘मे’ म्हणजे आपलं ‘मला’, बास. इंग्लिशवाले या ‘मे गुस्ता’पाशी महिनोन्महिने अडकतात, त्यांना कळत नाही की मी कर्ता का नाही आणि आवडणारी वस्तू कर्ता का. आपण लहानपणापासून ‘मला आंबा आवडतो’, ‘मला आंबे आवडतात’ असंच म्हणतोय, आंब्याप्रमाणे क्रियापद बदलतंय, आणि आपल्याला त्याचं काही वाटलेलंच नाही. पण आपणही इंग्लिशमधून शिकतो ना, म्हणून मीसुद्धा अडकले होते. एक दिवस टेबलावर डोकं ठेवून बसलेले असताना अचानक सुचलं, अरे हे तर ‘मला’ आहे.

असंच उकाड्याचं. ‘तेंगो कालोर’, मला गरम होतंय. इंग्लिशवरून उचलून ‘एस्तोय कालिएन्ते’ म्हणाल तर परत पहिल्या कॉलसारखीच अवस्था. मराठीतही ‘मला गरम होतंय’ आणि ‘मी गरम आहे’ यात केवढं अंतर आहे ते सांगायला नको.

दुसरा फायदा लिंगाचा. बाई म्हणणार एमोसिओनादा, पुरुष एमोसिओनादो, दोघं मिळून एमोसिओनादोस. इंग्लिशवाले विसरतात आणि पुरुष बिनदिक्कत एमोसिओनादा म्हणून जातात. आपण ‘मी आले, मी आलो’ रोज करतोय. हां, सोबतचं क्रियापद मात्र ‘एस्तोय’ हवं, ‘सोय’ नको. दोन्हींचा अर्थ ‘आहे’, पण एस्तोय म्हणजे आत्तापुरती अवस्था आणि सोय म्हणजे स्वभाव, ओळख. ‘एस्तोय आबुर्रिदा’ म्हणजे मला कंटाळा आलाय, ‘सोय आबुर्रिदा’ म्हणजे मी कंटाळवाणी आहे. उत्साह आत्ताचा असतो, तेव्हा एस्तोय.

मागचा शब्दही इंग्लिशचा आणायचा नाही. ते लोक ‘अबाउट’च्या जागी ‘सोब्रे’ घालतात, एमोसिओनादा सोब्रे अमुक, आणि ते कानाला खडा लागल्यासारखं लागतं. एमोसिओनादाला आणि एन्तुसिआस्मादाला ‘कोन’ किंवा ‘पोर’, गानासला ‘दे’. पाठच करा.

तिसरा फायदा सगळ्यात मोठा, आणि हा मला कुठल्या पुस्तकात मिळाला नाही. स्पॅनिशमधे सबजंक्टिव्ह नावाचं प्रकरण आहे ज्याने इंग्लिशवाल्यांची झोप उडते. मलाच काही करायचं असेल तर क्रियापद मूळ रूपात, ‘तेंगो गानास दे बेनिर’, मला यायचंय. पण दुसऱ्याने काही करावं अशी इच्छा असेल तर मधे ‘के’ येतो आणि क्रियापदाचं रूप बदलतं, ‘तेंगो गानास दे के बेंगास’. नेहमीचं रूप ‘बिएनेस’, तू येतोस. इच्छेतलं ‘बेंगास’, तू यावंस. ऐकलंत का काय झालं ते? तू येतोस, तू यावंस. शाळेत विध्यर्थ म्हणून मारून मुटकून शिकलो आणि विसरून गेलो, तेच ते. ‘नो बेओ ला ओरा दे के येगेस’, कधी एकदा तू पोचतेस असं झालंय. प्रत्येक ठिकाणी तंतोतंत जुळेल असं नाही, मराठी तिथे ‘पोचतेस’ म्हणून सुटते आणि स्पॅनिशला तरी इच्छेचंच रूप लागतं, पण ‘यावं, व्हावं, मिळावं’ची चव जिभेवर असली की अर्धी लढाई झाली. ‘ओहाला’ हा शब्दही याच घरातला, ‘असं होवो’, अरबीतून स्पॅनिशमधे आलेला, मुळात देवाची इच्छा असेल तर असा अर्थ, आणि त्याच्यामागे नेहमी हेच रूप. ‘ओहाला युएबा’, पाऊस पडावा रे देवा.

नुसते उद्गार तर मराठीसारखेच आहेत. ‘के’ म्हणजे काय, कसलं, केवढं, आणि पुढे काहीही ठेवा. के एमोसिओन, के आलेग्रिआ, के बोनितो. काय मज्जा, कसलं भारी, किती गोड. ‘बामोस!’ म्हणजे चला, आणि आपण मॅच बघताना जसं ‘चला चला’ ओरडतो तसं रफाएल नादाल प्रत्येक मोठ्या पॉइंटनंतर मूठ आवळून ओरडायचा ते हेच. लिहिताना मात्र त्यांच्याकडे उद्गारचिन्ह दोनदा लागतं, वाक्याच्या शेवटी सरळ आणि सुरुवातीला उलटं, म्हणजे वाचणाऱ्याला आधीच कळतं की आता आरडाओरडा आहे. चॅटवर निम्मे लोक ते उलटं टाकत नाहीत, तुम्हीही नाही टाकलंत तर कुणी फाशी देत नाही.

स्लँगबद्दल सांगायचं तर स्पॅनिश 20 देशांची अधिकृत भाषा आहे आणि भारी या शब्दाला प्रत्येकाचा वेगळा शब्द. स्पेनमधे ‘ग्वाय’, कोलंबिया-व्हेनेझुएलाकडे ‘चेबेरे’, चिली-पेरूत ‘बाकान’, अर्जेंटिनात ‘कोपादो’, तिथे वर ‘रे’ लावून जोर देतात, ‘रे कोपादो’ म्हणजे लईच भारी. मी मूळची कोल्हापूरची, ‘नादखुळा’ हा शब्द मुंबईच्या ऑफिसात वापरल्यावर लोक कसे बघतात ते मला माहितीये, तसंच हे. ज्या देशातल्या लोकांशी बोलताय त्यांचा एक शब्द उचला आणि तोच धरा. मेक्सिकोत ‘के पाद्रे!’ म्हणतात आणि पाद्रे म्हणजे बाप. आपल्याकडची पोरं ‘एकदम बाप काम केलंस’ म्हणतात की नाही? हे मी त्यांना समजावून सांगितलं तेव्हा कॉलची पाच मिनिटं त्यातच गेली. आपला ‘पाद्री’ही याच पाद्रेचा भाऊ, फक्त तो पोर्तुगीजांच्या जहाजातून आला.

काही वाक्प्रचार तर एवढे शेजारचे आहेत की हसू येतं. आपला आनंद गगनात मावत नाही, त्यांचा माणूस स्वतःतच मावत नाही, ‘नो केपो एन मी दे आलेग्रिआ’. आपल्या अंगावर काटा येतो, त्यांची कातडी कोंबडीची होते, ‘पिएल दे गायिना’. आणि एक माझं आवडतं, नवीन काही मिळाल्यावर हरखलेल्या माणसाला म्हणतात ‘कोमो निन्यो कोन सापातोस नुएबोस’, नवीन बूट मिळालेल्या पोरासारखा. जूनमधे शाळा सुरू व्हायच्या आदल्या रात्री नवीन बूट उशाशी घेऊन झोपलेल्या कुणालाही हे समजावून सांगायची गरज नाही.

ईमेलचं वेगळं. इंग्लिशमधल्या कंपन्या प्रत्येक घोषणेला एक्सायटेड असतात, स्पॅनिश ईमेलमधे तसं लिहिलं तर बालिश वाटतं, ते ‘नोस कोम्प्लासे’ लिहितात, आम्हाला आनंद होतो की, आपल्या ‘कळविण्यास आनंद होतो की’चा जुळा भाऊ. शेवटी उत्तराची वाट बघतोय म्हणायला ‘केदो आ ला एस्पेरा दे सु रेस्पुएस्ता’, उत्तराच्या प्रतीक्षेत. झालं.

आणि समजा एवढं सगळं वाचूनही तोंडातून ‘एक्सितादा’ निघालंच, निघणार, मला तर परवा पण अर्धवट निघालं होतं, तर लाजून गप्प बसायचं नाही. "आय, पेर्दोन, एमोसिओनादा" म्हणायचं आणि आपणच आधी हसायचं. त्या केरिदावाल्या बाई पुढच्या महिन्यात पुण्याला येतायत, आठवडाभरासाठी, मी त्यांना मेसेज टाकला, नो बेओ ला ओरा दे के येगे, त्यांना मान देऊन. त्यांनी ट्रान्सलेटर लावून मराठीत उत्तर पाठवलं, "मी पण खूप उत्तेजित आहे." मी कॉफीचा मग तोंडासमोर धरला.